नाग नदीत शार्क येणार नाही, पण 'गोडं पाणी' हे कारण चुकीचं आहे

झिरोमाईलकर (धागाकर्ता)

पावसाळा लागला की तीच क्लिप पुन्हा फिरायला लागते. गढूळ पाणी, त्यात सरकणारा काळपट त्रिकोण, आणि खाली ओळ: "सावधान! नाग नदीत शार्क!" त्यावर प्रत्येक ग्रुपवरच्या शहाण्या माणसाचं उत्तरही ठरलेलं असतं: "शार्क समुद्रातला प्राणी, गोड्या पाण्यात मरतो, सबब खोटं."

क्लिप खोटीच आहे. पण हे कारण चालणार नाही. बुल शार्क नावाचा मोठा शिकारी शार्क गोड्या पाण्यात नुसता शिरत नाही, वर्षानुवर्षं राहतो. अ‍ॅमेझॉनमध्ये तो पेरूतल्या इकितोसपर्यंत सापडला आहे, म्हणजे समुद्रापासून सुमारे ३,७०० किमी आत. अमेरिकेत मिसिसिपी नदीत १९३७ साली इलिनॉयमधल्या आल्टनला पकडला गेला. निकाराग्वाच्या सरोवरात तर तो इतका नेहमीचा होता की तिथला वेगळाच गोड्या पाण्याचा शार्क आहे असं बराच काळ समजत होते.

आता आपल्याकडे. नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. कागदावर रस्ता सलग आहे. मग हा मासा का येत नाही, याचं नेमकं उत्तर काय? जाणकारांनी लिहावं. "बकवास" एवढंच लिहायचं असेल तर दुसरे धागे आहेत.

---

तर्रीपोहे

नाग नदीत उतरायची हिंमत शार्क करन काय बे? पाणी पाहूनच वापस जाईन.

---

खारंपाणी

विनोद बाजूला ठेवला तरी त्यात तथ्य आहे, ते शेवटी लिहितो. आधी मासा ओळखून घेऊ, कारण 'शार्क' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ग्रेट व्हाइट येतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

बुल शार्क, शास्त्रीय नाव कार्कारायनस ल्यूकस. आखूड, जाडजूड, खांद्यात भरलेला. थोबाड बोथट आणि गोल, लांबीपेक्षा रुंदी जास्त. वरून पाहिलं तर कुऱ्हाडीच्या तुंब्यासारखं दिसतं. डोळे अंगाच्या मानाने बारीक. पाठ राखाडी, पोट पांढुरकं. पिल्लांच्या परांची टोकं काळसर असतात, वय वाढतं तशी ती फिकी पडतात. पूर्ण वाढलेली मादी सरासरी २.४ मीटर आणि १३० किलोच्या आसपास, नर त्याहून लहान, साधारण २.२५ मीटर आणि ९५ किलो. मोठ्यात मोठ्या माद्या ३.४ मीटरच्या पुढे जातात.

पक्की खूण पाठीवर आहे. पुढचा पर मोठा, त्रिकोणी, आणि छातीच्या परांच्या मुळाजवळूनच सुरू होतो. मागचा पर पुढच्याच्या साधारण एक तृतीयांश उंचीचा. या कुळातल्या बऱ्याच शार्कांचा मागचा पर याहून खूपच नगण्य असतो. शिवाय काही भाईबंदांच्या पाठीवर दोन परांच्या मधून कातडीची उभी वळी जाते. बुल शार्कला ती नसते. बोट फिरवलं तर मधला भाग सपाट लागतो.

दात: वरच्या जबड्यात रुंद त्रिकोणी, कडेला करवतीसारखे, खालच्या जबड्यात अरुंद, सुळ्यासारखे. खालच्यांनी घास धरायचा, वरच्यांनी डोकं हलवत कापायचं.

---

सावजी_चटका

चावण्याचा जोर किती म्हणता? आपल्या ताडोब्याच्या वाघापुढे टिकते का?

---

खारंपाणी

@सावजी_चटका, वाघाशी तुलना करायला सारख्या पद्धतीने केलेलं मोजमाप लागतं, त्यामुळे ती कुस्ती लावत नाही. शार्कांपुरतं सांगतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २.८५ मीटरच्या बुल शार्कच्या जबड्याचा जोर स्नायूंच्या मापांवरून काढला होता. जबड्याच्या मागच्या बाजूला तो सुमारे ५,९०० न्यूटन भरला, म्हणजे अंदाजे ६०० किलोचा भार. पुढच्या दातांशी मात्र २,१०० च्या आसपासच. सांध्यापासून जितकं पुढे जाल तितका जोर कमी, अडकित्त्यासारखंच. अंगाच्या आकाराचा हिशेब लावला तर त्या अभ्यासातल्या सगळ्या शार्कांत हा पहिला, ग्रेट व्हाइटच्याही वर. पण मोठा ग्रेट व्हाइट मुळातच दुपटीने लांब, त्यामुळे प्रत्यक्षातला एकूण जोर त्याचाच जास्त.

---

परासरण

मूळ प्रश्नाचा गाभा रक्तातल्या मिठात आहे. थोडं लांबेल, पण धाग्याचं शीर्षकच ते आहे.

समुद्राच्या पाण्याची तीव्रता (म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण) साधारण १,००० मिलीऑस्मोल. तुमच्या-आमच्या रक्ताची २९० च्या आसपास. समुद्रातल्या बहुतेक हाडांच्या माशांचं रक्तही समुद्रापेक्षा पातळ असतं, म्हणून त्यांच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि त्यांना सतत समुद्र पीत राहावं लागतं. शार्कांनी वेगळी युक्ती काढली: युरिया लघवीतून टाकून न देता रक्तातच साठवायचा. युरिया प्रथिनांना त्रास देतो, म्हणून त्याच्या जोडीला ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं दुसरं रसायन ठेवायचं, जे प्रथिनांना सांभाळतं. अशा रीतीने रक्ताची तीव्रता समुद्राच्या किंचित वर जाते आणि पाणी आपोआप थोडं थोडं आत येत राहतं. जादा मीठ बाहेर टाकायला आतड्याच्या शेवटाशी बोटाएवढी एक ग्रंथी असते, तिला गुदग्रंथी म्हणतात.

आता हाच मासा नदीत आणा. नदीच्या पाण्याची तीव्रता जेमतेम ५ ते १०. आतलं-बाहेरचं अंतर एकदम शेकड्यांनी वाढतं, पाणी कल्ल्यांतून धो धो आत घुसतं आणि मीठ बाहेर झिरपतं. साधा सागरी शार्क इथेच खलास होतो: रक्त पातळ, पेशी फुगलेल्या, स्नायू आणि मज्जातंतूंचं काम बिघडलेलं.

बुल शार्क चार गोष्टी एकदम बदलतो.

एक, युरिया जवळपास निम्म्यावर आणतो. ऑस्ट्रेलियात मोजलेल्या माशांत खाऱ्या पाण्यात रक्ताची तीव्रता १,०५० च्या वर होती, तर नदीत सुमारे ६४०. दोन, मूत्रपिंडं दणादण काम करतात. भरपूर आणि अगदी पातळ लघवी, आत आलेलं पाणी बाहेर. तीन, गुदग्रंथी जवळजवळ बंद, कारण आता मीठ टाकायचं नाही, राखायचं आहे. निकाराग्वाच्या सरोवरातल्या माशांत ही ग्रंथी आकसलेलीही आढळली होती. चार, कल्ल्यांतल्या पेशी पाण्यातलं तुटपुंजं सोडियम आणि क्लोराइड ओढून घेतात.

६४० हा आकडा नीट पाहा. तो नदीच्या पाण्याशी जुळवून घेतलेला नाही, त्याच्यापेक्षा कितीतरी वर आहे. म्हणजे बुल शार्क गोड्या पाण्यात 'आरामात' नसतो. पंप चोवीस तास चालू ठेवून राहतो आणि त्याचं वीजबिल भरतो. खरा गोड्या पाण्याचा झालेला गडी पाहायचा तर अ‍ॅमेझॉनचे पाकट, म्हणजे शार्कचे चपटे भाईबंद: त्यांनी युरिया साठवणंच सोडून दिलं, आता ते समुद्रात जगू शकत नाहीत.

---

फुटाळा_फेरी

वाचनखूण साठवली. 'वीजबिल' आवडलं.

---

मोरीमसाला

@परासरण, युरियाचा विषय निघालाच आहे तर आमच्या कोकणातल्या स्वयंपाकघराचा मुद्दा घ्या. शार्कला आमच्याकडे मुशी किंवा मोरी म्हणतात. बाजारात येते ती बहुतेक लहान जातींची. मोरीला शिळी झाली की जो उग्र दर्प मारतो तो याच युरियाचा: मासा मेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणून मोरी घ्यायची तर त्याच दिवशीची, आणि पकडल्या पकडल्या रक्त काढून बर्फात घातलेली. घरी आणली की आधी गरम पाणी ओतून वरची खर सुरीने खरवडायची. (ती 'खर' म्हणजे दातासारखे बारीक खवले, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर पॉलिश पेपर.) मग तुकडे करून हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून ठेवायचं. आंबट लागतं ते चवीपुरतं नाही, आम्लाने अमोनिया मारला जातो. दर्प इतकं करूनही गेला नाही तर ती मोरी टाकून द्यायची, मसाला वाढवून झाकायची नाही.

---

सावजी_चटका

सावजी मसाल्यात सगळं झाकते.

---

मोरीमसाला

नाही झाकत. अमोनियाला तुमचा मसालाही हात टेकतो.

---

कन्हानकाठ

धाग्याची खानावळ होण्याआधी एक वेगळा मुद्दा. लोक मीठ-मीठ करतात, पण तरंगण्याचं कोणी बोलत नाही.

शार्कला हाडाच्या माशासारखी हवेची पिशवी नसते. सांगाडा कूर्चेचा, म्हणजे हलका, आणि यकृत मोठं, तेलाने भरलेलं. तरीही तो पाण्यापेक्षा किंचित जडच असतो. पोहणं थांबलं की खाली जातो. समुद्राचं पाणी लिटरमागे १.०२५ किलो, नदीचं १ किलो. समजा १०० किलोचा शार्क ९५ लिटर जागा घेतो. समुद्रात ९७.४ किलो पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे पाण्यातलं वजन २.६ किलो. नदीत बाजूला सारलेलं पाणी ९५ किलोच, म्हणजे वजन ५ किलो. जवळपास दुप्पट! हा भार छातीच्या परांवर पेलत, पुढे पोहत राहूनच उचलायचा असतो. त्यात नदी उलट वाहणारी. मीठ सांभाळायचा खर्च वेगळा, हा वेगळा.

---

धडा_सातवा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पोरं याच माशाची प्रतिकृती करत आहेत, थर्माकोलची, ६० सेंमी. मापं आणि सहसा काय चुकतं ते कोणी सांगेल का? थोडं विषयांतर होतंय, माफी असावी.

---

खारंपाणी

@धडा_सातवा, विषयांतर कसलं, उलट हेच कामाचं.

६० सेंमी म्हणजे २.४ मीटरच्या मादीचं १:४ प्रमाण. शेपटीची वरची पाकळी साधारण १६ सेंमी, खालची त्याच्या निम्म्याहूनही लहान. पुढचा पाठपर ६ सेंमी उंच, मागचा २. धड जिथे सर्वांत जाड आहे (पुढच्या पाठपराखाली) तिथे उंची १२ सेंमीपर्यंत ठेवा. बुल शार्क सडपातळ केला की तो बुल शार्क राहत नाही.

नेहमी चुकतं ते असं. पोरं रोहू-कटल्याच्या सवयीने कल्ल्यावर झाकण काढतात. शार्कला झाकण नसतं, दोन्ही बाजूंना पाच-पाच उभ्या फटी असतात आणि शेवटची फट छातीच्या पराच्या मुळावर येते. शेपटीच्या दोन्ही पाकळ्या सारख्या करतात. तोंड टोकाला काढतात. ते थोबाडाच्या खाली हवं, कमानीसारखं. थोबाडाखाली टाचणीने बारीक छिद्रांची नक्षी करायला विसरू नका, ती विजेचे सूक्ष्म संकेत टिपणाऱ्या नळ्यांची तोंडं आहेत. नर दाखवायचा असेल तर पोटाच्या परांच्या आतल्या कडेला दोन बोटांसारखे अवयव. मादीला ते नसतात.

रंगाचं: स्प्रे पेंट किंवा ऑइल पेंट थेट थर्माकोलवर मारलात तर त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळून खड्डे पडतील. आधी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेविकॉल-पाण्यात भिजवून दोन थर द्या, एक रात्र वाळवा, मग पॉलिश पेपर, मग अ‍ॅक्रिलिक. पर थर्माकोलचे करू नका, तुटतात. पुठ्ठ्याचे कापून मुळाशी चीर देऊन आत खुपसा.

---

धडा_सातवा

पाच फटी, झाकण नाही. पोरांनी झाकणच काढलं होतं. 😅 आभार.

---

मत्स्यपेटी

या 'झाकणा'वरूनच क्लिपचा निकाल लागतो, म्हणून लिहितो.

आपल्याकडे मत्स्यालयांच्या दुकानांत 'शार्क' म्हणून बोटभर मासे विकतात, चंदेरी अंग आणि काळा पट्टा. तो शार्क नाही. तो पंगास, मेकाँग नदीकडचा मार्जारमासा. दुकानात पाच-सात सेंमीचा असतो, पण जातीची वाढ एक मीटरच्याही पुढे जाते. टाकीत मावेना झाला की लोक तलावात सोडून देतात. बाला शार्क आणि रेनबो शार्क हेही शार्क नव्हेत, दोघं रोहूच्याच गोतातले. शिवाय आपल्या नद्यांतला शिवडा, लांबलचक आणि दाताळ, त्यालाही 'गोड्या पाण्यातला शार्क' म्हणायची पद्धत आहे.

तलावात असं काही दिसलं तर तपासायचं काय: तोंडाजवळ मिशा आहेत का (असतील तर मार्जारमासा), कल्ल्यावर झाकण आहे का (असेल तर शार्क नाही), शेपटीच्या दोन पाकळ्या सारख्या आहेत का (असतील तर शार्क नाही, निदान बुल शार्क तरी नाही). पंगासच्या पाठीवरचा पर उभा आणि टोकदार असल्यामुळे उथळ पाण्यात तो वर निघाला की लांबून 'शार्क' दिसतो.

आणि पाण्यावरच्या त्रिकोणाबद्दल: खरा शार्क पृष्ठभागाजवळ पोहताना बरेचदा दोन टोकं दिसतात, पुढे पाठीचा पर सरळ, आणि मागे शेपटीचं टोक डावी-उजवीकडे झुलणारं. क्लिपमधला त्रिकोण एकटाच आहे आणि सरळ रेषेत सरकतो. फळकूट ओढलंय दोरीने.

---

तर्रीपोहे

म्हणजे लोकं पंगास घेऊन राह्यले शार्क म्हणून, अन् हॉटेलात तोच 'बासा' म्हणून खाऊन राह्यले!

---

मत्स्यपेटी

हाव, बरेचदा तोच.

---

प्राणहिता

आता भूगोल. समुद्राकडून वर या आणि भिंती मोजा: राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरम, मग पोलावरम, भद्राचलमच्या वर दुम्मुगुडेम, तुपाकुलगुडेम, मेडीगड्डा. तिथून प्राणहितेत वळायचं, पुढे वैनगंगेवर चामोर्शीजवळ चिचडोह आणि शेवटी पवनीजवळ गोसीखुर्द. सात अडथळे. धवलेश्वरमचा पहिला बांध तर ऑर्थर कॉटनने १८५२ मध्येच पुरा केला होता. गोदावरीची प्रसिद्ध पुलसा, म्हणजे अंडी घालायला समुद्रातून चढणारी हिल्सा, तिचीही वाट तिथेच अडते.

आणि ही यादी पाहून उदाहरणांकडे परत जा. अ‍ॅमेझॉनच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. निकाराग्वाचं सरोवर समुद्राला जोडणाऱ्या सान हुआन नदीवर धरण नाही. तिथे १९६० च्या दशकात शार्कांना खुणेचे बिल्ले लावले तेव्हा सरोवरातले मासे समुद्रात आणि समुद्रातले सरोवरात सापडले, 'सरोवरात कोंडलेला शार्क' ही समजूत तिथेच निकालात निघाली. मिसिसिपीत आल्टनला शार्क मिळाला १९३७ मध्ये. तिथलं धरण पुरं झालं १९३८ मध्ये. त्यानंतरची पक्की नोंद १९९५ ची, सेंट लुइसच्या खाली, म्हणजे समुद्राकडून पहिल्या धरणाच्या अलीकडेच. जिथवर भिंत नाही तिथवर शार्क. धागाकर्त्याला उत्तर मिळालं असावं: पाणी अडवत नाही, बांध अडवतो.

---

संत्राबाग

आणि जायकवाडी राहिलं की!

---

प्राणहिता

@संत्राबाग, जायकवाडी या वाटेवर नाही. ते पैठणला, गोदावरीच्या वरच्या अंगाला. आपली वाट सिरोंच्याजवळ गोदावरी सोडून उत्तरेला प्राणहितेत शिरते.

---

कन्हानकाठ

@प्राणहिता, बऱ्याच अंशी सहमत, पण 'बांध अडवतो' इतकं सोपं नाही. धवलेश्वरमला १७५ दारं आहेत. मोठ्या पुरात ती सगळी वर उचलतात आणि खालचं-वरचं पाणी जवळपास एका पातळीला येतं. अशा वेळी दमदार मासा बंधारा ओलांडू शकतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या कारब्रूकला गोल्फ मैदानातलं तळं पुरात नदीला जोडलं गेलं, त्यातून बुल शार्क आत आले, १९९६ च्या पुरानंतर वाट बंद झाली आणि ते तिथेच अडकून १७ वर्षं राहिले. पूर हा दरवाजा असतो.

---

प्राणहिता

बंधाऱ्याचं मान्य. धरणाचं नाही. बंधाऱ्याचा उंबरा नदीच्या तळापासून थोडाच वर असतो, दार उचललं की नदी मोकळी. पोलावरम आणि गोसीखुर्दच्या सांडव्याचा माथाच तळापासून कित्येक मीटर उंच आहे. गोसीखुर्दची ३३ दारं सगळी उघडली तरी पाणी उतारावरून कोसळतच येतं. त्यावर चढायला मासा उडी मारणारा लागतो आणि बुल शार्क सामनसारखा धबधबे चढत नाही. कारब्रूकमध्ये भिंत नव्हती, सपाट पूरमैदान होतं. दोन्ही एका मापाने मोजू नका.

उंचीही बघा. इकितोस ३,७०० किमी आत असूनही समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटरवर. नागपूर ३१० मीटर. नदीचा चढ म्हणजे प्रवाहाचा वेग, धोंडे, खळाळ, आणि उन्हाळ्यात तुटलेले डोह.

---

कन्हानकाठ

हे पटलं. पूरमैदान आणि सांडवा यांची गल्लत माझीच.

---

परासरण

कारब्रूकचं आणखी एक सांगण्यासारखं: तिथे इतकी वर्षं राहूनही त्यांची पैदास झाल्याचं दिसलं नाही. बुल शार्क पिल्लं घालतो, अंडी नाही. आत नाळ असते, गर्भकाळ १० ते ११ महिने, एका वेळी १ ते १३ पिल्लं, जन्मताच ५५ ते ८० सेंमी. माद्या नदीमुखांच्या, खाड्यांच्या निमखाऱ्या पाण्यात पिल्लं घालतात आणि निघून जातात. पिल्लं पहिली काही वर्षं तिथे किंवा नदीत वर राहतात, कारण मोठे शार्क, त्यांत स्वतःच्या जातीचेही, त्यांना खातात आणि हे मोठे सहसा इतक्या गोड्या पाण्यात येत नाहीत. म्हणजे नदी हे त्यांचं पाळणाघर, घर नव्हे. वीजबिल परवडतं ते या सुरक्षिततेपायी.

म्हणून 'शार्क नागपूरपर्यंत का येत नाही' याच्या आधी 'का यावं' हा प्रश्न आहे. पिल्लाला लपायला खालचे शंभर-दोनशे किलोमीटर पुरतात.

---

फुटाळा_फेरी

पण हा इतका हिंस्र असतो म्हणतात, त्याच्या अंगात सगळ्या प्राण्यांत जास्त टेस्टोस्टेरॉन असतं म्हणे?

---

खारंपाणी

हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे आहे आणि त्याच्या मुळाशी फार थोड्या माशांच्या रक्ताचे नमुने आहेत. शार्कांत हा आकडा ऋतूप्रमाणे, वयाप्रमाणे प्रचंड हलतो. माद्यांत तो कमी असतो, आणि मादीही तितकीच जोरकस शिकारी आहे. तेव्हा हे कारण सोडून द्या.

माणसांवरच्या नोंदलेल्या हल्ल्यांत तो ग्रेट व्हाइट आणि टायगर शार्कनंतर तिसरा येतो, त्यामागे स्वभावापेक्षा पत्ता जास्त आहे. तो उथळ, गढूळ, किनाऱ्यालगतच्या पाण्यात असतो आणि माणूसही तिथेच उतरतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा, म्हणून आधी धडकून पाहायची आणि मग चावायची सवय. आपल्या राज्यातही २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या खाडीपट्ट्यात शार्क चावल्याची घटना झाली. वैतरणेचा तो भाग भरती-ओहोटीचा आहे, नागपूरशी त्याचा संबंध जोडू नका, एवढ्यासाठीच सांगितलं.

---

संत्राबाग

गंगेतला शार्क तो हाच का? लहानपणच्या पुस्तकात 'गंगेतला नरभक्षक शार्क' असं होतं.

---

खारंपाणी

गंगेचा शार्क वेगळा: ग्लायफिस गँजेटिकस. मागचा पाठपर पुढच्याच्या जवळपास निम्मा (बुल शार्कचा तिसरा हिस्सा, हे वर आलंच), डोळे आणखी बारीक आणि खालच्या जबड्याचे पुढचे दात भाल्यासारखे. अत्यंत दुर्मीळ. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर २६६ सेंमीची एक मादी उतरवलेल्या मासळीत सापडली, ती कित्येक वर्षांनंतरची खात्रीची नोंद. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीला. 'नरभक्षक' हा शिक्का बहुधा बुल शार्कच्या करामतींचा त्याच्या नावावर बसला आहे. दोघं एकाच नदीमुखात असतात आणि घाबरलेला माणूस मागचा पर मोजत बसत नाही.

---

मोरीमसाला

याच कारणाने बाजारातल्या 'मोरी'कडेही जरा बघून घ्या. ६०-७० सेंमीचं, जाड मानेचं, बोथट थोबाडाचं आणि परांची टोकं काळसर असलेलं पिल्लू दिसलं तर ती लहान जात नसून मोठ्या शार्कचं पोर असू शकतं. बेंबीचा व्रण घशाखाली, छातीच्या दोन परांच्या मध्ये दिसतो. तो ताजा असेल तर नुकतं जन्मलेलं. ते घेऊ नये. बुल शार्कला जाणतं व्हायला बरीच वर्षं लागतात.

---

झिरोमाईलकर

उत्तर अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. ग्रुपवर टाकायला एवढं पुरे ना?

"बुल शार्क गोड्या पाण्यात जगू शकतो. पण समुद्र ते नागपूर या वाटेवर पोलावरम आणि गोसीखुर्दसारखी धरणं आहेत, जी तो पुरातही ओलांडू शकत नाही. शिवाय इतकं वर यायचं त्याला कारणही नाही. तलावात दिसलेला 'शार्क' मिशावाला असेल तर तो कुणीतरी टाकीतून सोडलेला पंगास आहे."

---

खारंपाणी

पुरे. सुरुवातीला @तर्रीपोहेंना कबूल केलेलं तेवढं जोडा: नाग नदीत सांडपाणी इतकं की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फार कमी. बुल शार्क श्वासासाठी सतत पोहत राहून कल्ल्यांवरून पाणी नेतो. त्याला ऑक्सिजनही हवा आणि पोहायला खोलीही. २.४ मीटरच्या माशाला गुडघाभर पाण्यात वळताही येणार नाही. शिवडा किंवा मागूर तग धरेल, मागूर तर वर येऊन हवाही घेतो. शार्कला ती सोय नाही.

---

तर्रीपोहे

म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात बरोबर होतो. एवढे प्रतिसाद लिहिले काहून?

---

प्राणहिता

@झिरोमाईलकर, ग्रुपवर टाकण्याआधी मूळ पोस्टमधली एक दुरुस्ती करा. नाग नदी एकटी कन्हानला मिळत नाही, आधी पिवळी नदी तिला मिळते. शार्क चुकेल रस्ता.